पावसाळ्यात चिकटलेला क्लच



दिवाळी जवळ आली की हैदराबाद, पुणे, नागपूरकडे नोकरीला असलेले आपण सगळे आदिलाबादला घरी येतो. फराळ होतो, भेटीगाठी होतात आणि मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "अरे, शेडमधली गाडी एकदा चालू करून बघ ना." बॅटरी चार्ज करून आणली जाते, दोन-चार सेल्फमध्ये इंजिन धडधडायला लागतं आणि सगळे खूश होतात. पण पहिला गिअर टाकायला जावं तर कर्रर्र असा आवाज येतो आणि गिअर काही पडत नाही. क्लच पार खालपर्यंत दाबलेला असूनही पडत नाही. मग शेजारचे काका येतात, बोनेटमध्ये डोकावतात आणि म्हणतात, "गिअरबॉक्स गेला वाटतं."

बहुतेक वेळा गिअरबॉक्स शाबूत असतो. महिनोन्महिने ओलाव्यात उभ्या राहिलेल्या गाडीचा क्लच आतल्या आत चिकटलेला असतो. हे कसं ओळखायचं, घरच्या घरी काय करून बघायचं आणि कुठे थांबून गाडी मिस्त्रीच्या हवाली करायची, हा आजच्या सदराचा विषय.

थंड देशांत जुन्या गाड्यांच्या शौकिनांना हा अनुभव दर वसंत ऋतूत येतो. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. त्या मिठाने पत्रा खाल्ला जाऊ नये म्हणून जुनी गाडी चार-पाच महिने गॅरेजमध्ये झाकून ठेवतात. जर्मनीत तर वर्षातले ठरावीक महिनेच चालणारी नंबरप्लेट मिळते, आणि ते महिने प्लेटवरच छापलेले असतात. आपल्याकडे बर्फ नाही, पण आपला पावसाळा तेच काम करतो. तेलंगणातल्या जास्त पावसाच्या जिल्ह्यांत आपला जिल्हा मोडतो. मृगापासून दसऱ्यापर्यंत टिनाच्या शेडमध्ये, मातीच्या जमिनीवर उभी असलेली गाडी चार महिने खालून ओल घेत असते.

आमच्या घरी १९९२ सालची मारुती ८०० आहे, एपी ०१ नंबरची. तेव्हा आदिलाबादचा नंबर तोच होता. तेलंगण झाल्यावर तो टीएस ०१ झाला आणि २०२४ पासून नव्या गाड्यांना टीजी ०१ मिळतो. मारुती ८०० पहिल्यांदा डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली, १९८६ मध्ये तिचा आकार बदलला आणि २०१४ पर्यंत ती बनत राहिली. कायद्याने ५० वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज' ठरते, त्यामुळे कागदोपत्री आमची गाडी अजून नुसतीच म्हातारी आहे. पण ३ सिलिंडर, ७९६ सीसी, कार्ब्युरेटर आणि ४ गिअर असलेली ही गाडी समजून घ्यायला इतकी सोपी आहे की नव्या मुलांनी शिकायची तर हिच्यावरच शिकावं.

गेल्या वर्षी बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन जूनमध्ये झालं. डॉक्टरांनी काही आठवडे गाडी चालवू नका म्हटलं होतं, आणि त्यानंतर पावसाने बेल्याकडच्या आमच्या शेताचा रस्ता बंद केला. काळ्या मातीचा रस्ता तो, ओला झाला की बैलगाडीसुद्धा रुतते. त्यामुळे गाडी ऑक्टोबरपर्यंत शेडमध्येच राहिली. डॉक्टरांनी पुन्हा डोळे तपासून गाडी चालवायला परवानगी दिली, तेव्हा कापसाची वेचणी तोंडावर आली होती. वेचणीच्या दिवसांत मालकाला रानात जावंच लागतं. बायांचे हिशोब असतात, वजनं असतात, कापूस घरी आणायचा असतो. शेअर ऑटो फाट्यापर्यंतच जातो, पुढे २ किलोमीटर पायी. सत्तरीतल्या माणसाला ते रोज जमणारं नाही.

गाडी चालू झाली, पण गिअर पडेना. पहिल्यांदा बोलावलेल्या मिस्त्रीने उभ्या उभ्या सांगितलं की गिअरबॉक्स उतरवावा लागेल, गाडी आठ दिवस ठेवावी लागेल आणि एवढा खर्च करण्यापेक्षा विकून टाकलेली बरी. भंगारवाल्याचा भावही त्यानेच सांगितला. बाबा मला फोनवर म्हणाले, "देऊन टाकू. तू कशाला त्रास घेतोस त्या गाडीपायी." बाबा असं बोलले की खरा त्रास त्यांना होतोय हे आमच्या घरात सगळ्यांना कळतं. आई नंतर वेगळी बोलली, "गाडी गेली तर हे घरातच बसतील बघ." मी दोन दिवसांची सुट्टी टाकली आणि ३०० किलोमीटर गाठून घरी आलो.

आता क्लच म्हणजे काय ते आधी थोडक्यात सांगतो. इंजिनच्या टोकाला एक जड लोखंडी चाक फिरत असतं, ते फ्लायव्हील. त्याच्यासमोर प्रेशर प्लेट असते. या दोघांच्या मध्ये क्लच प्लेट दाबून धरलेली असते. तिच्या दोन्ही बाजूंना ब्रेकच्या लायनरसारखा थर असतो आणि तिचा मधला भाग गिअरबॉक्सच्या खाचा असलेल्या दांड्यावर बसवलेला असतो. आपण पेडल दाबलं की केबल ओढली जाते, केबल गिअरबॉक्सवरचा एक लिव्हर फिरवते, आतलं रिलीज बेअरिंग स्प्रिंगवर दाब देतं आणि प्रेशर प्लेट किंचित मागे सरकते. ही जागा अगदी थोडी असते, पण तेवढ्याने मधली प्लेट मोकळी होते, इंजिन आणि चाकं यांचं नातं तुटतं आणि गिअर अलगद पडतो.

गाडी ओलाव्यात उभी राहिली की फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्या लोखंडाला गंज चढतो. मधली प्लेट चार महिने त्या गंजाला दाबून धरलेली असते, त्यामुळे ती चिकटून बसते. प्रेशर प्लेट मागे सरकली तरी क्लच प्लेट फ्लायव्हील सोडत नाही. कधी प्लेटचा मधला भागच दांड्याच्या खाचांवर गंजून अडकतो. दोन्हींचा परिणाम एकच, की पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सला फिरवतच राहतं. यात गाडीच्या कंपनीचा दोष नाही. कुठलीही क्लचवाली गाडी अशी ठेवली तर हे होऊ शकतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे प्रोग्राम बिघडला की सगळा कोड उघडत बसत नाहीत. बिघाड कुठल्या अर्ध्या भागात आहे ते आधी ठरवतात, मग त्या अर्ध्याचा अर्धा. गाडीलाही हेच लागू होतं. आमच्या गल्लीच्या टोकाला जुने मिस्त्री चाचा बसतात, त्यांनी हीच गोष्ट एका वाक्यात सांगितली, "साब, पहले बाहर का देखो, अंदर का बाद में."

तर तपासणी क्रमाने अशी करायची.

पहिली तपासणी: गाडी सपाट जागेवर घ्या, इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला. आता ढकला. गाडी हललीच नाही तर आधी ब्रेक बघा. हँडब्रेक ओढून महिनोन्महिने ठेवलेल्या गाडीचे मागचे ब्रेक शू ड्रमला चिकटतात आणि दोष मात्र क्लचवर येतो. आमची गाडी ढकलल्यावर आरामात सरकली, म्हणजे ब्रेक मोकळे होते.

दुसरी: इंजिन बंद ठेवूनच सगळे गिअर टाकून बघा. इंजिन बंद असताना गिअर नीट पडत असतील आणि चालू असताना पडत नसतील, तर गिअरबॉक्स आणि गिअर लिव्हर बहुतेक ठीक आहेत. इंजिन बंद असतानाही पडत नसतील, तर दुखणं वेगळं आहे.

तिसरी: इंजिन बंद, किल्ली बंद, पहिला गिअर टाकलेला. एकाने क्लच पूर्ण दाबून धरायचा आणि दुसऱ्याने ढकलायचं. क्लच सुटत असेल तर गाडी न्यूट्रलसारखी सरकते. सुटत नसेल तर गाडी अडते, आणि जोर लावला तर इंजिनलाही सोबत फिरवत जड जड पुढे जाते. आमची अडली. क्लच सुटत नाही हे इथे पक्कं झालं.

चौथी तपासणी सर्वांत महत्त्वाची, कारण खर्च हजारांत होणार की लाकडाच्या एका तुकड्यावर भागणार हे ती ठरवते. एकाने पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने बोनेट उघडून गिअरबॉक्सवरचा लिव्हर किती फिरतो ते बघायचं. लिव्हर नीट फिरत नसेल तर दोष बाहेरच आहे: केबल ताणली गेली असेल, तिचे पदर तुटले असतील, आत गंज असेल किंवा उंदरांनी वरचं प्लास्टिक कुरतडलं असेल. केबल बदलणं हे अर्ध्या दिवसाचं काम. लिव्हर पूर्ण फिरत असूनही क्लच सुटत नसेल, तर आत प्लेट चिकटली आहे असं समजायचं.

काही गाड्यांत केबलऐवजी क्लच ऑइलवर चालतो. तिथे आधी बाटलीतली ऑइलची पातळी बघा, मग खालचा सिलिंडर गळतोय का ते बघा. त्या बाटलीत ब्रेकचंच ऑइल चालतं. इंजिन ऑइल घातलं तर रबर फुगून नवंच दुखणं लागतं.

आमच्या गाडीची केबल चांगली होती, लिव्हर पूर्ण फिरत होता. म्हणजे प्लेट चिकटलेली. आता उपाय, तेही सौम्यापासून कडकाकडे.

इंजिन चालू करण्याआधी बोनेटखाली उंदराचं घरटं नाही ना ते बघा, इंजिन ऑइल आणि पाणी तपासा, वासावरून पेट्रोल शिळं वाटलं तर काढून टाका. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून पावसाळाभर टाकीत पडलेल्या पेट्रोलवर फार भरवसा ठेवू नये. आणि गाडी शेडमधून ढकलत मोकळ्या हवेत आणा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवलं तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही आणि तो जीव घेतो.

एक मोठी सूचना. क्लच चिकटलेल्या गाडीत गिअर टाकलेला असताना कुणी सेल्फ मारला, तर पेडल दाबलेलं असूनही गाडी पुढे उडी घेते. दिवाळीत अंगणात पोरं खेळत असतात. म्हणून गाडीच्या पुढे-मागे कुणी उभं राहायचं नाही आणि किल्ली एकाच माणसाच्या हातात राहील.

पहिला उपाय उष्णतेचा. न्यूट्रलमध्ये इंजिन पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा. इंजिनची ऊब फ्लायव्हीलपर्यंत पोहोचते. मग क्लच दाबायचा, थोडी रेस द्यायची, सोडायचा, असं दहा-वीस वेळा. बऱ्याच गाड्या इथेच सुटतात.

दुसरा उपाय वेळेचा. इंजिन गरम असतानाच बंद करा, क्लच पूर्ण दाबा आणि पेडल व सीट यांच्यामध्ये लाकडाचा दांडा अडकवून रात्रभर तसंच ठेवा. प्रेशर प्लेट रात्रभर मागे सरकलेली राहते, लोखंड थंड होताना आक्रसतं आणि चिकटलेली कड सैल व्हायला मदत होते.

तिसरा उपाय झटक्याचा. इंजिन बंद, वरचा गिअर, एकजण क्लच दाबून आत बसलेला, आणि दोघा-तिघांनी गाडी मागे-पुढे हिसके देत ढकलायची. इंजिन फिरायला विरोध करतं, चाकं फिरायला बघतात आणि सगळा ताण मधल्या प्लेटवर येतो.

चौथा उपाय मोकळ्या मैदानासाठीच, आणि हात बसलेल्या चालकासाठीच. ब्रेक आधी नीट तपासलेले हवेत. इंजिन गरम करून बंद करायचं, पहिला गिअर टाकायचा, क्लच दाबून सेल्फ मारायचा. गाडी चालू होत होतच पुढे निघते. मग क्लच दाबलेलाच ठेवून रेस द्यायची आणि एकदम सोडायची, असं पुन्हा पुन्हा. थांबवायचं असेल तर ब्रेक दाबून किल्ली एकच टप्पा मागे घ्यायची. किल्ली काढायची नाही, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं.

दोन गोष्टी मात्र कुणी कितीही खात्रीने सांगितल्या तरी करू नका. गाडी जॅकवर चढवून, चाकं हवेत फिरवून ब्रेक मारणं ही पहिली; जॅक सटकला की गाडी सुटते. दुसरी म्हणजे फटीतून रॉकेल, डिझेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे आत मारणं. लायनरला तेल लागलं की क्लच सुटेल, पण नंतर घसरत राहील आणि गिअरबॉक्स उतरवावाच लागेल.

आमच्याकडे पहिल्या दिवशी उष्णतेने काही झालं नाही. रात्री दांडा लावून ठेवला. सकाळी इंजिन पुन्हा गरम केलं, बंद केलं आणि गाडी समोरच्या रिकाम्या प्लॉटवर नेली. मी आणि दोन मावसभाऊ ढकलायला. क्लच दाबून आत कोण बसणार, हा प्रश्नच आला नाही. बाबा चप्पल काढून आधीच सीटवर बसले होते. आठ-दहा हिसक्यांनंतर आतून टक् असा आवाज आला आणि गाडी एकदम हलकी होऊन पुढे पळाली. बाबा आतून म्हणाले, "सुटला रे!" मग त्यांनीच ब्रेक मारला.

सुटला म्हणजे काम संपलं असं नाही. प्लेट आणि लोखंड यांच्यावर गंजाचा थर उरलेला असतो, तो घासून जायला काही दिवस जातात, तोवर गाडी सुटताना थरथरते. क्लच घसरत नाही ना हेही तपासावं. हँडब्रेक पक्का ओढायचा, तिसरा गिअर टाकायचा आणि क्लच हळू सोडायचा. इंजिन बंद पडलं तर क्लच पकडतोय. इंजिन चालूच राहिलं तर तो घसरतोय. ही चाचणी एकदाच करावी, वारंवार केली तर प्लेट जळते. केबलचा नट सारखा आवळत बसू नये. पेडलला सुरुवातीची थोडी ढिलाई हवीच असते. ती गेली की बेअरिंग सतत घासतं आणि क्लच घसरायला लागतो.

चाचांनी गाडी एक फेरी मारून बघितली. प्लेट चालेल, पण थरथर राहिली तर उन्हाळ्यात, शेतीची कामं नसताना, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिन्ही एकदमच बदला, असा त्यांचा सल्ला पडला. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी मोठी असते, ती दोनदा द्यायला नको. कुठलाच उपाय लागू पडला नाही तर तुमच्या गाडीलाही हेच करावं लागेल, आणि तेव्हा पहिल्या मिस्त्रीचं म्हणणं बरोबर ठरेल. फक्त त्या निष्कर्षापर्यंत तपासत तपासत जायचं. गाडी विकायचीच असेल तर तेही समजून-उमजून विकावी. गिअर पडत नाही एवढ्यावरून तिला भंगारात घालू नये.

वेचणीच्या दिवसांत बाबा आठवड्यातून चार दिवस रानात गेले. ऊन उतरायच्या आत परत यायचं आणि अंधारात गाडी चालवायची नाही, हे आईने ठरवून दिलं होतं आणि बाबांनी ते पाळलं. त्यांना किती वर्षं गाडी चालवता येईल हे त्यांचे डोळे आणि डॉक्टर ठरवतील. एका चिकटलेल्या प्लेटने ते ठरवावं हे मला पटणारं नव्हतं.

आता पुढच्या पावसाळ्यासाठी. गाडी नुसती उभ्या उभ्या चालू करून बंद केल्याने क्लच वाचत नाही. पंधरा दिवसांतून एकदा इंजिन गरम करून, क्लच दहा वेळा दाबून, अंगणातल्या अंगणात का होईना गाडी पुढे-मागे करावी. तेवढंही जमणार नसेल तर दांडा लावून क्लच दाबून ठेवावा. काही ट्रॅक्टरांना तर याच कामासाठी क्लचचं पेडल अडकवून ठेवायचा हूक कंपनीच देते. हँडब्रेक ओढू नये, चाकांना दगड लावावेत. मातीच्या जमिनीवर गाडी ठेवायची असेल तर खाली जाड प्लास्टिक अंथरावं, म्हणजे ओल वर येत नाही. वरून मात्र गाडी प्लास्टिकने गुंडाळू नये, आत वाफ कोंडते. कापडी कव्हर बरं.

आमच्या घरी ही पंधरवड्याची पाळी आता अकरावीतल्या भाच्याकडे आहे. लायसन्स नाही म्हणून गाडी अंगणाबाहेर न्यायची नाही आणि शेजारी आजोबा बसलेले हवेत, या दोन अटींवर. कॅलेंडरवर एकादशीला त्याने पेनने गोल केलेत, कारण आजीचा उपवास चुकत नाही, मग ही पाळीही चुकणार नाही. तुमच्या घरी शेडमध्ये एखादी जुनी गाडी असेल तर या सुट्टीत घरातल्या मोठ्यांना सोबत घेऊन वरच्या चार तपासण्या करून बघा. काय सापडलं ते मला नक्की कळवा. पुढच्या अंकात बॅटरीबद्दल बोलू.

शुभ दीपावली!